पितांबरनानांचा स्वतःचा भूकंप

कोणाला पोराची सरकारी नोकरी हवी असते, कोणाला काशी हवी असते, कोणाला भावाच्या हिश्श्यातला बांध हवा असतो. चिंचरूळच्या पितांबर भारंबे यांना स्वतःचा एक भूकंप हवा होता. मोठा नको होता. भांडी वाजतील, म्हशी उठून उभ्या राहतील आणि लोक अंगणात येऊन एकमेकांना ‘तुमच्याकडेही का?’ असं विचारतील, इतपत पुरला असता. पण तो त्यांना जाणवला पाहिजे, त्यांनी ओळखला पाहिजे आणि सगळ्या गावाच्या आधी त्यांनी सांगितला पाहिजे.

हे खूळ उगाच लागलेलं नव्हतं. फैजपूरहून सातपुड्याच्या अंगाला गेलं की केळीच्या बागांमध्ये चिंचरूळ लागतं. तिथे नानांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या ‘हॅलो माईक टेस्टिंग’शिवाय लागत नसत. तरुणपणी त्यांनी माणसाच्या उंचीचे नवे बॉक्स आणले आणि शेजारच्या गावी एका लग्नात हौसेने लावले. वरात ऐन रंगात असताना जमीन हलली. खराखुरा भूकंप. आचारी कढई सोडून पळाले, नवरदेव घोडीवरून उतरून पळाला, वऱ्हाड शेतात जाऊन उभं राहिलं. नाना तेवढे जागचे हलले नाहीत. ते बॉक्सला पाठ लावून उभे होते आणि त्यांची पाठ दुपारपासूनच थरथरत होती. लोकांना गाणं आवडलं नाही असं वाटून त्यांनी आवाज आणखी वाढवला.

त्यानंतर वर्षानुवर्षं, चार माणसं पारावर जमली की भूकंपाची गोष्ट निघायची. रतिलाल न्हाव्याच्या हातातला वस्तरा कसा थांबला, कोणाच्या सुनेने तान्हं सोडून आधी मिक्सर कसा उचलला, सगळं रंगवून सांगितलं जायचं. शेवटी कोणीतरी विचारायचं, ‘नाना, तुमी कुठी व्हते?’ आणि मग पारावर जे हसू फुटायचं ते नानांना पुढे दोन दिवस झोंबायचं. सगळ्या तालुक्याला कळलेला भूकंप ज्याला कळला नाही असा माणूस म्हणून त्यांची नोंद झाली होती, आणि तसं पाहिलं तर ती खरीही होती.

धंदा मुलाकडे, हितेंद्रकडे गेला, आणि नाना मोकळे झाले. मुलाने डीजे आणला, जुने बॉक्स अडगळीत पडले. एक दिवस मोबाईलवर भलतंच काही पाहताना नानांना कळलं की, हौशी माणसं घरच्या घरी भूकंप मोजतात. त्यांचं डोकं लगेच चाललं. स्पीकरला वीज दिली की तो हलतो. मग उलट जमिनीने स्पीकरला हलवलं तर वीज का निघणार नाही? त्यांनी अडगळीतला सगळ्यात मोठा वूफर काढला, त्याच्या कागदी पडद्यावर तराजूतलं वजन चिकटवलं आणि धान्याच्या कोठीत फरशी उकरून, खालच्या काळ्या दगडावर तो पक्का बसवला. तारा एका जुन्या संगणकाला जोडल्या. पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. नानांनी जमिनीवर टाच आपटली, तशी रेघेने उडी मारली. त्या आनंदात त्यांनी आणखी इतक्यांदा टाच आपटली की पुष्पाबाईंना वाटलं, विंचू चावला.

पुष्पाबाई म्हणजे नानांची बायको. कोठीत गहू काढायला जाताना त्यांना आता चपला काढून चवड्यांवर चालावं लागे. त्या चालल्या की रेघ हलायची आणि नाना ओरडायचे. स्वतःच्या घरात चोरासारखं चालायची पाळी आली, असं त्या शेजारणींना सांगत. पण चालत मात्र चवड्यांवरच.

हळूहळू नानांना रेघ वाचता येऊ लागली. केळीचा भरलेला ट्रक वेगळा, रिकामा वेगळा. बोअरची गाडी कोणाच्या शेतात लागली हे ते घरबसल्या सांगत, आणि गावात भावाभावांत लपवून घेतलेले दोन बोअर त्यांच्यामुळेच उघडकीस आले. अडचण एवढीच होती की, जमीन हलवणारा प्रत्येक वेळी कोणीतरी माणूसच निघायचा. धरणीमाता स्वतःहून काही बोलत नव्हती.

आणि मग भरिताचं प्रकरण झालं.

थंडीचे दिवस होते. शेजारी जीवराम वाघुळदेच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. नाना पाहुण्यांच्या गडबडीला कंटाळून कोठीत बसले होते, तेवढ्यात रेघ उसळली. धप, धप, धप, धप. थांबेना. असे लहान लहान धक्के ओळीने आले की मोठा येऊ शकतो, हे नानांनी ऐकलं होतं. त्यांनी ओट्यावरचा जुना भोंगा चालू केला आणि घराबाहेर या म्हणून पुकारा केला. सगळी गल्ली बाहेर आली. रेघ सरळ झाली. नाना म्हणाले, गेला. लोक आत गेले. रेघ पुन्हा उसळली. पुन्हा पुकारा, पुन्हा लोक बाहेर, पुन्हा रेघ सरळ. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा जीवरामची आई एक ताटली घेऊन आली. तिच्या घरामागे चार गडी काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून मुसळांनी कुटत होते, दीडशे माणसांचं भरीत. पुकारा झाला की बिचारे मुसळं टाकून इतरांबरोबर पळत आणि परत येऊन कुटायला लागत. म्हातारीने ताटली नानांच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘घ्या नाना, गरम हाये तवरच खा तुमचा भूकंप.’

त्या दिवसापासून पोरं त्यांना भरीतनाना म्हणू लागली. नानांनी मनाला लावून घेतलं. यापुढे पक्कं ओळखल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवून ते अभ्यासाला लागले. पुण्याला इंजिनीअर असलेली मुलगी, चारुलता, फोनवर समजावून सांगायची. नैसर्गिक भूकंपात आधी एक झटपट लहर येते आणि मागून तिच्याहून दांडगी दुसरी, आडवी हलवणारी. सुरुंगात पहिलीच लहर जोरकस असते, दुसरी येते न येते. शिवाय जमीन सरकून भूकंप होतो तेव्हा पहिला धक्का कुठे वर ढकलणारा असतो, कुठे खाली ओढणारा. सुरुंग मात्र फुटला की चहूकडे बाहेरच ढकलतो, त्यामुळे त्याचा पहिला धक्का नेहमी वर. नानांना हे फार आवडलं, कारण हे स्पीकरसारखंच होतं. स्पीकरच्या लाल ठिपक्याला पेन्सिल सेलची अधिक बाजू लावली की पडदा बाहेर येतो, उलट लावली की आत जातो. असं एकदा शिकलेलं नाना कधी विसरत नसत, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्यात तेच आडवं आलं.

पुढच्या दिवाळीनंतर गाव खरोखर हलायला लागलं.

टेकडीच्या पायथ्याशी भूपेंद्र नावाच्या माणसाची दगडाची खाण आणि खडी क्रशर होता. माणूस पिंपळनेरकडचा, गोड बोलणारा, गळ्यात सोन्याची साखळी. त्याच्या सुरुंगांनी गावातल्या घरांना चिरा पडल्या. जीवरामची मागची भिंत दुभंगली. अंगणवाडीच्या छताला तडा गेला, तेव्हा दिपमालाताईंनी पोरांना उचलून निंबाखाली बसवलं. त्या अंगणवाडी चालवत आणि कोणाच्या बापाला भीत नसत. गावाचा अर्ज त्यांनीच तहसीलला नेला. तिथून हुकूम आला, सुरुंग बंद झाले. निदान भूपेंद्रने तसं सांगितलं.

पण हादरे थांबले नाहीत. रोज दुपारी एक धक्का. आवाज फारसा नाही, क्रशरची घरघर तेवढी. भूपेंद्र सगळ्यांना हात जोडून दाखवू लागला की बघा, मी तर काम बंद केलं, आता ही देवाची करणी. तहसीलदारांनी ठरवलं की ग्रामसभा घेऊ, लोकांचं ऐकू आणि मगच निकाल देऊ. हादरे खाणीचे निघाले तर खाणीला टाळं. भूकंप निघाला तर खाण पुन्हा सुरू, आणि अंगणवाडी त्याच छताखाली.

आता भूकंप की सुरुंग हे सांगू शकेल असं यंत्र साऱ्या पंचक्रोशीत एकच होतं. भूपेंद्र नानांच्या घरी आला, तो खाली वाकून पाया पडूनच. कोठीत जाऊन त्याने हिरवी रेघ डोळे भरून पाहिली. आजवर ज्याने त्याने त्या रेघेची थट्टा केली होती. हा पहिला माणूस जो म्हणाला की नाना, हे तुमचं यंत्र दिल्लीला पाहिजे होतं. चहा पिता पिता त्याने सांगितलं की, ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत तो स्वखर्चाने ‘भूकंप निरीक्षण केंद्र, चिंचरूळ’ सुरू करून देईल आणि पाटीवर संस्थापक म्हणून नानांचं नाव असेल.

‘आबा, आमनं काम बंद शे,’ तो जाता जाता आपल्या अहिराणीत म्हणाला. ‘हाई बठ्ठं धरतीमायनं शे. तुमी फक्त जे शे ते सांगा.’

जे आहे ते. नाना कोठीत बसले आणि जे आहे ते पाहू लागले. पहिला धक्का वर होता. काल वर होता, परवा वर होता. दुसरी लहर नावाला. दुसरा कोणी असता तर नानांनी त्याला तिथेच सांगितलं असतं की, बाबा, हा सुरुंग आहे, घरी जा. पण हा दुसरा कोणी नव्हता. हे ते स्वतः होते, आणि इतकी वर्षं वाट पाहिल्यावर रोज दुपारी नेमाने दारात येणारा भूकंप होता. त्याला हाकलणं कोणाच्या जिवावर येणार नाही?

मग माणूस करतो तेच नानांनी केलं. त्यांना शंका आली की, आपण तारा जोडताना उलट तर नाही ना जोडल्या. ज्या माणसाने आयुष्यभर अंधारात, पावसात, पंगतीच्या गोंधळात लाल ठिपका कधी चुकवला नाही, त्याला ही शंका आली. पेन्सिल सेल लावून पाहायला किती वेळ लागला असता? त्यांनी तो लावला नाही. सरळ तारा काढल्या आणि अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला धक्का खाली आला, आणि नानांचे डोळे भरून आले. दुसऱ्या लहरीचं कारणही त्यांनी शोधून काढलं. आपल्याकडची काळी माती भुसभुशीत, ती दुसरी लहर पिऊन टाकत असणार. मग पारावर जाऊन त्यांनी सांगून टाकलं की, हा भूकंपच. चारुलताचा फोन आला तर तो त्यांनी पुष्पाबाईंकडे दिला.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी जेवताना ते खुशीत होते. पुष्पाबाई भाकरी वाढता वाढता सहज म्हणाल्या की, उद्या लोणच्याची बरणी फळीवरून खाली काढायला नको, उद्या बेस्तरवार आहे. नानांनी विचारलं, त्याचा काय संबंध.

‘बेस्तरवारी कुठी हालते?’ त्या म्हणाल्या. ‘रोज दुपारी बरणी खाली काढते मी, नाहीतर फुटीन. बेस्तरवारी काढत नाही. त्या दिवशी फळी हालतच नाही.’

गुरुवारी बाजार असतो. खाणीवरची सगळी माणसं, पाथरवट, ट्रॅक्टरवाले, सुरुंग लावणारे, हप्त्याचा किराणा आणायला सकाळीच बाजाराला जातात आणि संध्याकाळी परत येतात. पुष्पाबाईंनी यातला काही हिशोब मांडला नव्हता. त्यांनी बरणीचं सांगितलं आणि ताक आणायला उठल्या.

नानांनी हातातला घास ताटात परत ठेवला. धरणीमातेला बाजाराचं काय कौतुक? ती काय गुळाचा भाव विचारायला जाते? त्यांना तिथल्या तिथे कळलं. खरं सांगायचं तर आधीच कळलेलं होतं, आता फक्त तोंड फिरवायला जागा उरली नाही. हात धुऊन ते कोठीत गेले आणि टेबलाच्या खणातून पेन्सिल सेल काढला. पुष्पाबाई ताक घेऊन आल्या तेव्हा ते वूफरपाशी उकिडवे बसले होते आणि तारा पुन्हा जागच्या जागी जोडत होते. त्यांनी नानांचा चेहरा पाहिला. ताकाची वाटी शेजारी ठेवली आणि चवड्यांवर परत गेल्या.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. मंडप हितेंद्रचा, माईक हितेंद्रचा. तहसीलचे साहेब खुर्चीवर, त्यांच्या शेजारी भूपेंद्र. समोर सतरंजीवर दिपमालाताई अंगणवाडीच्या पोरांना आयांसकट घेऊन बसल्या होत्या. पाराला टेकवून एक नवी कोरी पाटी ठेवली होती. रंग अजून ओला होता. ‘भूकंप निरीक्षण केंद्र’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘संस्थापक : श्री. पितांबरनाना भारंबे’. नानांनी ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. नाव चुकलं नव्हतं, रंगही सुरेख होता. भूपेंद्रने उठून त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि म्हणाला की आपल्या गावचे भूकंपतज्ज्ञ आता दोन शब्द बोलतील. भूकंपतज्ज्ञ. मागून पोरांमधून एक ‘भरीतनाना’ आलंच, पण तहसीलच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

नानांनी माईक हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, ‘हॅलो, माईक टेस्टिंग.’ लोक हसले. मग त्यांनी पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. हितेंद्रला वाटलं माईक गेला, त्याने वायर हलवून पाहिली.

‘हा भूकंप नाही,’ नाना म्हणाले. ‘सुरुंग हाये. टेकडीच्या पलीकडून लावतात, म्हनून आवाज येत नाही.’

भूपेंद्र उभा राहिला. नानांनी त्याला हाताने बसायची खूण केली, मंडपात दारू पिऊन आलेल्या पाहुण्याला करत तशी. मग त्यांनी पहिला धक्का आणि दुसरी लहर सगळं समजावून सांगितलं. ते कोणाला फारसं कळलं नाही. पण गुरुवारचं सांगितलं तेव्हा सतरंजीवरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मग एकेक जण बोलू लागली. कोणाची बरणी, कोणाचा आरसा, कोणाचं तान्हं दुपारी दचकून उठायचं, ते बाजाराच्या दिवशी मात्र गाढ झोपायचं. गावातल्या प्रत्येक घरात रोज एक यंत्र चालू होतं आणि ते कोणी विचारलंच नव्हतं.

साहेबांनी विचारलं की, नाना, मग तुम्ही गेल्या आठवड्यात पारावर भूकंप आहे असं सांगत होता, ते कसं काय?

हे उत्तर टाळता आलं असतं. यंत्रात बिघाड होता म्हटलं असतं तरी चाललं असतं. नानांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि नारळाखाली पाटीजवळ ठेवली.

‘मी तारा उलट्या जोडल्या व्हत्या,’ ते माईकवर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चारही भोंग्यांतून गावभर गेला. ‘जाणून जोडल्या. मले एक भूकंप पाहिजे व्हता.’

मंडपात कोणी हसलं नाही. पारावर ज्याने इतकी वर्षं ‘तुमी कुठी व्हते’ विचारलं होतं, त्या रतिलालनेसुद्धा खाली पाहिलं.

‘आबा,’ भूपेंद्र म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता गोडवा नव्हता, ‘मंग तुमना भूकंप कोठे गया?’

‘तो अजून आला नाही,’ नाना म्हणाले. ‘ईन तवा सांगीन.’

साहेब त्याच दिवशी टेकडीच्या पलीकडे जाऊन आले. तिथे ताजी भोकं पाडलेले खडक होते आणि बाजाराला गेलेल्या माणसांनी झाकून ठेवलेल्या वाती. खाणीला टाळं लागलं. अंगणवाडीचं छत पाडून नवं घालायचं ठरलं. पाटी ग्रामपंचायतीने ठेवून घेतली. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पाणी सोडायच्या वेळा लिहिल्या. नारळाचं पुष्पाबाईंनी खोबरं केलं, तेही चांगलं निघालं.

नानांच्या कोठीतली रेघ मात्र सरळ झाली. ट्रक, बोअर, पुष्पाबाईंची पावलं, एवढंच. दुपारची वेळ आली की नाना अजून कोठीत जाऊन बसत आणि काही होत नसे. त्यांना ते चांगलंच वाटत असे आणि वाईटही वाटत असे, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्याने ते जरा चिडचिडे झाले. पुष्पाबाई पाहत होत्या.

पौष संपताना त्या म्हणाल्या की मनुदेवीला जाऊन येऊ. गाडी हितेंद्रने दिली. देवीपुढे नारळ फोडून झाल्यावर पुष्पाबाईंनी पदर पसरला. नाना शेजारी डोळे मिटून उभे होते. पुष्पाबाईंना वाटलं ते ऐकत नाहीत.

‘माय,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘ह्यायले एक भूकंप दे. लहानसाच दे. कोन्हाची भित पडायला नको, पोरं भ्यायला नको. फक्त ह्यायले आधी कळू दे.’

नानांनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर पाणी दिसलं असतं. उद्या खरंच जमीन हलली, तर नवसाने आलेला भूकंप नैसर्गिक धरायचा की माणसाने घडवलेला, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. तो त्यांनी देवीसमोर काढला नाही, आणि पुष्पाबाईंसमोर तर मुळीच नाही.